सतराव्या मजल्यावरचं बाकडं

३ फेब्रुवारी, सोमवार
निर्णय झाला. बाकडं करायचं. स्वतःच्या हाताने.

चाळ पाडून टॉवर झाला, त्यात राहायला येऊन आठ महिने झाले. चाळीत कुणाचं दार दिवसा बंद दिसलं तर आधी डॉक्टरला हाक मारायचो. इथे मजल्यावर चार दारं, चारही बंद. (माझंही असतं, पण ते डासांमुळे.) लोकांना एकटं वाटत असणार. मला नाही वाटत. मला वेळच नसतो.

मुख्य म्हणजे कुशाबा. छत्तीस वर्षं भिंतीला भिंत. रोज संध्याकाळी गॅलरीतल्या बाकड्यावर दोघं. नव्या घरांच्या लॉटरीत तो अकराव्यावर गेला, मी सतराव्यावर. आठ महिन्यांत दोनदा वर आला. त्यात एकदा चुकून. बसायला नीट जागा नाही, म्हणून येत नाही बिचारा.

४ फेब्रुवारी, मंगळवार
लालबागच्या दुकानातून लाकडी भुशाचे बोर्ड मापाने कापून आणले. दुकानदार म्हणाला, कापलेली कड उघडी ठेवू नका, आतला भुसा दिसतो, वरून प्लास्टिकची पट्टी लावा. पट्टीच्या पाठीला गोंद असतो, इस्त्री फिरवली की चिकटते. पण तुम्हाला जमायचं नाही, मशीनवर करून घ्या म्हणाला. मी नुसता हसलो. चौतीस वर्षं ऑफिसात डिस्पॅचला होतो. पाकिटं चिकटवण्यात हयात गेली आणि हा मला चिकटवणं शिकवतो!

वर येताना लिफ्ट अकराव्यावर थांबली. कुशाबाच्या दाराबाहेर खोके रचलेले. नवा फ्रीज वगैरे घेतला असणार. त्याचा स्वप्नील हल्ली बरंच कमावतो.

६ फेब्रुवारी, गुरुवार
इस्त्री बायकोची, मालनची. ती गेल्यापासून कपाटातच होती. वायर तिनेच गुंडाळलेली. सोडवायला वेळ लागला. गाठ घट्ट होती.

पहिली पट्टी. इस्त्री ‘कॉटन’वर. पट्टी आधी आक्रसली, मग वितळली, मग इस्त्रीलाच चिकटली. म्हणजे गोंद चांगला आहे. बाजू तेवढी चुकली.

संध्याकाळी इंटरकॉमवर कुशाबाला सांगितलं, रविवारी पाचला बाकड्याचं उद्घाटन, यायचंच. ‘येतंय मरे’ म्हणाला. आवाज बसलेला वाटला. सर्दी.

८ फेब्रुवारी, शनिवार
इस्त्री ‘सिल्क’वर. सावकाश फिरवली, ठोकळ्याने दाबलं. पंखा चालू राहिला. दाबायच्या आत गोंद गार, पट्टी लोंबायला लागली. चिकटवण्याआधी कडेवरचा भुसा पुसायचा असतो हेही आज कळलं. दुकानदाराने सांगायला नको? (सांगितलं होतं, पण जोर देऊन नाही.)

बाहेर आलेली पट्टी कटरने सोलायची असते. सोलली. थोडा बोर्डही सोलला. ती बाजू भिंतीकडे करणार.

बाकड्याला बाजू चार. भिंतीकडे करण्यासारख्या आत्तापर्यंत तीन.

९ फेब्रुवारी, रविवार, संध्या. ७.३०
बाकडं लॉबीत मांडलं. पाचपासून बसलो. चहा थर्मासमध्ये, कांदेपोहे झाकून. समोरच्या दीपिकाबाई लिफ्टमधून बाहेर आल्या, मला बघून थांबल्या. लिफ्ट बिघडलीय का, विचारलं. मी म्हटलं, नाही, बसा ना. हसल्या, आत गेल्या, कडी लावली.

कुशाबा आला नाही. सर्दी वाढली असणार. खाली जाऊन बघणार होतो, पण आजारी माणसाला विश्रांती द्यावी.

पोहे दोघांचे होते. खाल्ले.

११ फेब्रुवारी, मंगळवार
सोसायटीचं पत्र. लॉबीत सामान ठेवू नये, आग लागली तर लोकांनी पळायचं कुठून? सेक्रेटरीला म्हटलं, पळायला आधी दार उघडावं लागतं. ते हसले नाहीत. बाकडं आत आणलं. बरंच झालं, बाहेर धूळ फार.

मग अकराव्यावर गेलो. कुशाबाकडे पाहुणे. एक तरुण जोडपं आणि फाइल घेतलेला एक जाडा माणूस. पायात बूट तसेच, आणि खोल्या, बाथरूम बघत होते, नळ चालू करून बघत होते. आजकाल पाहुण्यांना रीत म्हणून राहिली नाही. कुशाबा दारातच उभा. आत ये म्हणाला नाही. नंतर वर येतो, तुझ्याशी बोलायचंय, म्हणाला. बाकड्याबद्दलच असणार.

१३ फेब्रुवारी, गुरुवार
पुढच्या कडेची पट्टी काढून पुन्हा लावली. पंखा बंद. कड पुसून घेतली. एकेक वीत इस्त्री, मग ठोकळा, मग गार होईपर्यंत हात तसाच दाबून. गंजी घामाने भिजली. पण बसली! या टोकापासून त्या टोकापर्यंत बोट फिरवलं, कुठे अडलं नाही. खोटं कशाला लिहू, डोळ्यांत पाणी आलं. कुणाला तरी दाखवावं म्हणून दार उघडून बाहेर गेलो. थोडा वेळ उभा राहिलो. परत आलो.

१५ फेब्रुवारी, शनिवार
कुशाबा आला! साडेपाचला. न सांगता बाकड्यावर बसला. दोन-दोन कप चहा झाला. चाळीतल्या नळावरची भांडणं काढली, हसून हसून त्याला ठसका लागला. सर्दी अजिबात नाही.

मग म्हणाला, घर भाड्याने दिलं. स्वप्नील आणि सूनबाई ठाण्याला जातायत, पोरीची शाळा तिकडे. तो स्वतः गावी, देवगडला. उद्याच. पंधरा दिवस सांगायचं म्हणत होतो, पण तुझ्यासमोर तोंडच उघडेना, म्हणाला. मी म्हटलं, उत्तम केलंस. तिकडची हवा चांगली.

नंतर बराच वेळ कडेवरून बोट फिरवत बसला. बाकडं झ्याक झालंय, गावच्या पडवीत शोभेल, म्हणाला. थट्टेत की खरंच, कळलं नाही. मी म्हटलं, घेऊन जा. मला अडचणच होत होती.

१६ फेब्रुवारी, रविवार, दुपारी १
अकराला टेम्पो भरला. बाकडं सगळ्यात शेवटी चढवलं, चादरीत गुंडाळून. कुशाबाला बजावलं, तिकडे एकटं वाटलं तर फोन कर, मी वेळ काढीन. तूच ये, राहा महिनाभर, म्हणाला. बघतो म्हटलं, इथे कामं आहेत. माझा हात धरून उभा राहिला. ड्रायव्हरने हॉर्न दिला.

टेम्पो जाऊन दोन तास झाले. पनवेलच्या फार पुढे गेला नसेल अजून. मला करमत नाहीये.