मागच्या खोलीतला ओटा

बाबा, तुम्ही जाऊन नऊ वर्षं झाली, तरी तुमच्यावरचा राग कमी झालेला नाही, हे आधीच सांगून टाकतो. फोटोला हार आई घालते. मी घालत नाही.

मागच्या खोलीत तुमचा सुतारकामाचा कारखाना होता. आठ फुटी फळी तिथं सहज फिरायची. मी आठवीत असताना तुम्ही रंधा, पटाश्या, करवती सगळं विकून टाकलं आणि तिथं स्वयंपाकाचा ओटा बांधायला घेतला. गवंडीही बोलावला नाही, स्वतःच्या हातानं बांधला, वाकडा. "काहून बाबा?" मी विचारलं. "भाडेकरू ठेवाचा आहे," तुम्ही म्हणालात. मग मी काम कुठं शिकू, असं म्हटल्याबरोबर कानाखाली बसली. "लोक आपल्याले मागच्या दारानं आत घेतात. तू पुढच्या दारानं जाशील. इंजिनीअर होशील." नाही झालो. तिसऱ्या वर्षी कॉलेज सोडलं आणि सक्करदऱ्यात एका फर्निचरवाल्याकडे रंधा हातात घेतला. तुम्हाला झोंबावं म्हणून घेतला, हेही खरं.

त्या मालकाशी भांडून निघालो. आता स्वतःची कामं मिळतात, पण घरात जागा नाही. बैठकीत दिवाण बनवायला घेतला, तर फळीचं टोक दारातून थेट रस्त्यावर. शेजारचे काका स्कूटर थांबवून म्हणतात, "काय गा, घर बाहेर निघून राहिलं का?" आईच्या पोह्यांत भुसा. गच्चीवर गेलो तर मे महिन्याच्या उन्हात सागवान दोन दिवसांत वाकलं. उरली तुमची मागची खोली. आणि तिथं चार वर्षांपासून भाडेकरू राहतात, आणि त्यांची मुलगी. तिच्या कुकरच्या शिट्ट्या मला पाठ आहेत. एकदा तिनं पोळपाटाचा निघालेला पाय माझ्याकडून बसवून घेतला. पाच मिनिटांचं काम मी तीन दिवस पुरवलं. म्हणजे कारखाना पाहिजे तर ती जाणार, आणि ती पाहिजे तर मी गच्चीवर लाकडं जाळत बसणार. ही गाठ तुम्ही मारून गेलात.

गेल्या सोमवारी टेबलाची फळी गच्चीवर तडकली. गिऱ्हाइकानं माझी अक्कल काढली आणि ऑर्डर परत घेतली. डोकं फिरलेलं, तसाच मागच्या दारात जाऊन उभा राहिलो. ती ओट्यावर पोळ्या लाटत होती.

"काय गा, तोंड काहून उतरलं?"

"खोली पाहिजे मले. कारखाना टाकाचा आहे."

तिनं लाटणं खाली ठेवलं. "चार वर्षांत आज आठवला कारखाना?"

इथं खरं बोलायला पाहिजे होतं. मी म्हटलं, "बाबांची शेवटची इच्छा होती. जाताना सांगून गेले."

तिनं ओट्यावर सांडलेलं पीठ हातानं गोळा केलं. मग म्हणाली, "आमचे बाबा तर कधीचे बुटीबोरीले घर पाहून राहिले. कंपनी तिथंच आहे न. मीच नाही म्हणून अडून बसली होती." का अडली, हे मी विचारलं नाही. विचारायची हिंमत नव्हती. "आता गेलेल्या माणसाची इच्छा म्हटल्यावर काय बोलू?" ती म्हणाली आणि पोळी उलटली.

आई मागं नळावर तांदूळ धूत होती. तिनं सगळं ऐकलं. जेवताना तिनं एवढंच विचारलं, "तुह्या बाबानं असं कधी म्हटलं गा?" मी म्हटलं, "भाजी वाढ."

दवाखान्यात शेवटचे दोन दिवस तुम्ही एक शब्द बोलला नव्हतात. मी खाटेजवळ बसून वाट पाहत होतो, की चुकून तरी म्हणाल, त्या दिवशी जोरात लागलं का रे. नाही म्हणालात. म्हणून तुमच्या तोंडात मला पाहिजे ते घातलं. जिवंतपणी तुम्ही ती खोली दिली नाही, मेल्यावर मी तुमच्या नावानं हिसकावली. त्याची लाज तुमच्यासमोर मला वाटत नाही.

रविवारी त्यांचं सामान न्यायला टेम्पो येणार आहे. आज शुक्रवार. ती मागच्या अंगणात डबे पुसून खोक्यात भरते आहे, मला इथून दिसते. हे सगळं तिला सांगायचं होतं. तुम्हाला लिहीत बसलो, कारण तुम्ही माझ्या तोंडावर दार लावू शकत नाही.