पाठवणाऱ्याच्या जागी

तुमसर
बुधवार, ११ डिसेंबर २०२४

प्रिय सुगतभाऊ,
सप्रेम जय भीम.

इकडे आम्ही बरे आहोत. खळ्यावर तुझं धान चुरून झालं असेल. आईला गुडघ्याचा पट्टा दिला होता, तो ती बांधते का? नसेलच बांधत.

हे पत्र प्रविणच्या हाती देते आहे. वहिनींचा भाऊ म्हणून त्याला तुमच्या गावात, बपेऱ्यात, कोणी हटकणार नाही. फोन का नाही केला, असं म्हणशील. सकाळी केला होता. तुझा बंद होता, म्हणून वहिनींना लावला. त्या म्हणाल्या, "ताई, आत्ताच दोन जण येऊन गेले. सुगत भोवते कुठी हाय म्हणे. मी म्हटलं, वावरात गेले. तं एक म्हणते कसा, आम्ही थांबून राहिलो तं चालन का? मी म्हटलं, थांबा ना, बैल धुवाचे हायेत, तेवढे धुऊन द्या!" आणि हसल्या. मला हसू आलं नाही. भाऊला घरी येऊ देऊ नका, एवढंच म्हणाले. "काहून?" त्यांनी विचारलं. मी फोन ठेवला.

काहून, ते लिहिते.

कॉलेजात तिसऱ्या वर्षाच्या मुलांकडून मी ईमेल पाठवणारा एक छोटा प्रोग्राम लिहून घेते. तो सॉकेट उघडतो, म्हणजे नेटवर्कवरून मेल सर्व्हरशी थेट जोडणी करतो, आणि एकेक ओळ बोलतो. पाठवणारा कोण, घेणारा कोण, मग मजकूर. प्रत्येक ओळीला सर्व्हर एक आकडा परत देतो, ठीक आहे अशा अर्थाचा. पाठवणाऱ्याच्या जागी कोणाचाही पत्ता घातला तरी आमच्या प्रयोगशाळेतला सर्व्हर खरंखोटं विचारत नाही, हे मी मुलांना मुद्दाम दाखवते. उदाहरणाला तुझ्या नावाचा ईमेल पत्ता घालते. "मॅडम, हे सुगत भोवते कोण जी?" मुलं विचारतात. मी सांगते, "कोणालाच न भिणारा माणूस."

खुशबू त्याच वर्गातली. मागच्या महिन्यात रेतीच्या टिप्परने तिच्या स्कूटीला उडवलं. पाय कापावा लागला. टिप्परला नंबर प्लेट नव्हती. पण तो तुमच्या गावाजवळच्या नदीवरच्या रेतीघाटावरून येतो आणि कोणाचा आहे, हे सगळ्यांना ठाऊक आहे. लिहून मात्र कोणी दिलं नाही. सोमवारी मी तक्रार लिहिली, मालकाच्या नावासकट, आणि त्या प्रोग्राममधून एका सरकारी कार्यालयाला पाठवली. मोठ्या कंपन्यांचे सर्व्हर असली पत्रं अडवतात. त्या कार्यालयाच्या सर्व्हरने माझी घेतली. तिथून ती मालकापर्यंत इतक्या लवकर पोहोचेल असं वाटलं नव्हतं.

मला माझं नाव द्यायचं नव्हतं. 'एक नागरिक' असं काहीतरी घालणार होते. प्रोग्राममध्ये वर्गात वापरलेला तुझा पत्ता तसाच राहिला.

'राहिला' हे खरं नाही, भाऊ. मुलांना समजावं म्हणून माझा प्रोग्राम प्रत्येक ओळ पाठवण्याआधी पडद्यावर दाखवून थांबतो. तुझ्या पत्त्याची ओळ माझ्यासमोर थांबली होती. मी ती वाचली. मनात आलं, बिननावाची तक्रार कोणी उघडणार नाही, खऱ्या माणसाची उघडतील. आणि तो माणूस मी नको. माझी लेक प्राची संध्याकाळची घरी एकटी असते. तुझ्याही घरी आई आहे, वहिनी आहेत, हे त्या वेळी सुचलं नाही, असं लिहिणार होते. सुचलं होतं. मी एंटर दाबलं.

सकाळचा फोन ठेवल्यावर त्याच कार्यालयाला माझ्या स्वतःच्या खात्यातून कळवलं, की सोमवारची तक्रार माझी आहे, सुगत भोवते यांना तिची कल्पनाही नाही. खाली नाव आणि घरचा पत्ता दिला. पहिली ज्याने मालकाकडे फोडली त्याने हीसुद्धा आजच फोडावी, अशी आशा करत बसले आहे. प्राचीला भंडाऱ्याला मैत्रिणीकडे पाठवलं. हे पत्र प्रविणला दिलं की पोलीस ठाण्यात अर्ज द्यायला जाईन. घरासमोर गाडी हळू झाली की लिहिता लिहिताच खिडकीकडे बघते. मधली ओळ वाकडी आली आहे, ती त्यामुळेच.

तू आईला आणि वहिनींना घेऊन प्रविणच्याच गाडीने दिघोरीला जा. वहिनींच्या माहेरी कोणी शोधायला येणार नाही. वाटेत कोणी गाठलंच तर भांडू नकोस. तुझा स्वभाव मी जाणते. माझं नाव ऐकलंस की छाती पुढे काढून म्हणशील, "हो, मीच लिहिलं. काय करता?" तेवढं म्हणू नकोस. त्यांना माझं नाव सांग, घर सांग. त्या माणसांची भीती वाटतेच, पण त्याहून जास्त भीती वाटते ती तू मला वाचवशील याची.

रागावला असशील तर रागावलेलाच राहा. फक्त आजच्या आज निघ.

तुझ्या नावाआडून बाहेर आलेली,
प्रतिक्षा परसराम भोवते