भास्कर बोलतो तेव्हा

१० नोव्हेंबर, रविवार

केली एकदाची सुरुवात. अण्णा सकाळीच दाढीबिढी करून तयार, जणू विवरनगरहून गाडी येणार आहे न्यायला. नितीन गेल्यापासून त्यांनी स्वतःहून मागितलेली ही पहिली गोष्ट. "मंजू, नितीनची ती मालिका अर्धवट राहिलीय. तू वाचशील का?"

पहिले दोन भाग नि.ने वाचून दाखवले होते. दर रविवारी, मिसळ खाऊन झाली की. माझा धाकटा भाऊ हातात पुस्तक घेऊन, समोर अण्णा डोळे मिटून. मिटले काय नि उघडले काय, काचबिंदूने दोन्ही नेलेत. मी तेव्हा रविवारपुरती यायचे आणि बापलेकांची टिंगल करायचे. चंद्रावर खून, तपास करणारी बाई मराठी. काहीही!

तिसरा भाग नि.ने आणून ठेवला होता, उघडला मात्र नव्हता. आज मी उघडला. विवरनगर, चंद्रावरच्या विवरात बांधलेलं शहर, हवासुद्धा यंत्रातून येणार. निरीक्षक रेवा. आणि तिच्याबरोबर पंप दुरुस्त करणारा फिटर भास्कर. अण्णांचा सगळा जीव भास्करवर. अंबडच्या कारखान्यात, टूलरूममध्ये आयुष्य गेलं त्यांचं. "रेवा हुशार असेल, पण पाना भास्करच्या हातात आहे," म्हणाले.

घशाला कोरड. दोनदा चहा.

१७ नोव्हेंबर, रविवार

कबूल. मलाही आवडायला लागलंय. लॅबमध्ये लोकांचे साखरेचे रिपोर्ट टाइप करताना डोक्यात हेच, की बर्फाच्या खाणीतला तो मुकादम खोटं का बोलला. पण पुढचं बघायची सोय नाही. नि.चा नियम: पुस्तक अण्णांच्या उशाशी राहणार, चोरून कोणी पुढे वाचायचं नाही. आणि शेवटच्या प्रकरणाआधी थांबायचं. प्रत्येकाने आपला खुनी सांगायचा, कारणासकट. त्याआधी संशय बोलून दाखवायचा नाही. चुकेल त्याची मिसळ.

अण्णा कधी चुकले नव्हते म्हणे. नि.ने दोन्ही वेळी गंगेवरून, गोदाकाठाहून, मिसळ आणली आणि वैतागला.

२४ नोव्हेंबर, रविवार

का ओढतंय हे, याचा विचार करत होते. रॉकेट नि यंत्रांचं मला काही नाही. ते शहर बंद आहे. बाहेर जायला एक दार, आत येणाऱ्या हवेची नोंद. तिथे कोणी मेलं तर उत्तर आत कुठेतरी असतंच, रेवा ते शोधते, आणि शेवटच्या प्रकरणात सगळ्यांना समोर बसवून सांगते. का, कसं, कोणी. कारणाशिवाय तिथे कोणी मरत नाही.

आमच्याकडे काय? पिंपळगावच्या पुढे हायवे, भर दुपार, रस्ता मोकळा. नि. कोल्ड स्टोरेजवरून बाइकने घरी येत होता. कोणाची धडक नाही, खड्डा नाही. पोलिसांनी त्याचं हेल्मेट माझ्या हातात दिलं, त्याला ओरखडासुद्धा नव्हता. का, ते कोणालाच सांगता आलं नाही. अण्णांनी तेव्हा विचारलंही नाही काही.

म्हणून ऐकत असतील का ते ही पुस्तकं? मला विचारायचा धीर नाही.

८ डिसेंबर, रविवार

काय करून बसले आज.

भास्कर बर्फ आणायला विवराबाहेर गेलेला. एकटा. परतीच्या वाटेवर त्याची गाडी थांबलेली सापडते. मी वाचत होते, "रेवाने हेल्मेटची काच पुसली. आत". वाचताना डोळे आवाजाच्या एक ओळ पुढे असतात. मी पुढची ओळ पाहिली आणि थांबले. अण्णा पुढे वाकून बसलेले. "आत काय?"

"आत भास्कर डोळे मिचकावत होता."

म्हटलं गेलं. ठरवलं वगैरे काही नाही. अण्णांनी सोडलेला श्वास मला ऐकू आला. मग मी त्याचा पाय मोडला, दवाखान्यात भरती केलं, आणि डोकं दुखतंय म्हणून पुस्तक मिटलं.

९ डिसेंबर

अण्णा दुपारी झोपले तेव्हा उशाजवळून पुस्तक काढून पुढचं वाचलं. नियम मोडला. इलाज नव्हता. भास्कर मेलाय. चांगला स्पष्ट मेलाय, अंत्यविधीचं आख्खं प्रकरण आहे. पुढचा सगळा तपास त्याच्याच मरणाचा. गाडीच्या हवेच्या झडपेत कोणीतरी मुद्दाम चुकीचा वॉशर बसवलेला.

म्हणजे मी मेलेला माणूस काढून घेतला आणि खुनाची कादंबरी तशीच ठेवली. शाबास मंजिरीबाई.

१५ डिसेंबर, रविवार

रेटलं कसंबसं. अंत्यविधीच्या जागी शहराच्या वाढदिवसाचा कार्यक्रम घातला. लोक रडतात ते आनंदाने. भास्कर दवाखान्यात, "बरं वाटतंय" एवढंच म्हणतो. लाकडी. अण्णा म्हणाले, "पडल्यापासून गप्प झाला बिचारा."

त्याला बोलायला लावायला हवं.

२२ डिसेंबर, रविवार

आज भास्कर बोलला.

रेवा दवाखान्यात येते, चिडलेली. (पुस्तकात ती रिकाम्या खोलीत एकटी बोलते.) मी काही जुळवलं नव्हतं. तोंड उघडलं आणि आलं, "लोड नका घेऊ, मॅडम. इथे हवा आधीच मोजकी, तोंडाची वाफ दवडू नका."

अण्णा हसले. खदखदून, खांदे हलवत. दीड वर्षात ऐकलं नव्हतं ते हसणं. मग एकदम थांबले.

मीही थांबले. ते भास्करचं नव्हतंच. आमचं काही वाजलं की नि. मला तेच म्हणायचा. वाफ दवडू नको, ताई. तीच लकब, शेवटी आवाज जरा वर नेणं. माझ्या घशातून आला तो. अंगावर काटा आला, आणि खरं सांगायचं तर इतकं बरं वाटलं की पुस्तक खाली ठेवून स्वयंपाकघरात जाऊन रडले.

मग तोंड धुऊन मी कुकर लावला.

२६ डिसेंबर

चार दिवस तो डोक्यात बोलतोय. बसमध्ये कंडक्टरवर शेरे. लॅबमध्ये डॉक्टरीणबाईंच्या नव्या चपलांवर. मी एकटीच हसले तर पेशंट बघायला लागले. रविवारी भास्कर काय म्हणेल ते मी जुळवत नाही, तो सांगतो. लिहिताना वेडगळ वाटतंय. असू दे.

५ जानेवारी, रविवार

टूलरूमच्या माणसाला कादंबरी वाचून दाखवू नये. "मंजू, ही बाई त्या झडपेच्या मागे का लागलीय एवढी? कोणी मेलं नाही, काही नाही. पाय मोडला एका फिटरचा. एवढ्यासाठी सगळं शहर उलटंपालटं?"

मी म्हटलं, पुढे कळेल.

"लेखक थकलेला दिसतो."

मला राग आला. लेखकाने बिचाऱ्याने चोख काम केलंय, वाट लावली ती मी. पण बोलणार काय.

१२ जानेवारी, रविवार

आज ठरवून भास्करला आणलं नाही. म्हटलं हळूहळू कमी करू. बदली झाली, दुसऱ्या विवरात गेला, असं काहीतरी करून मोकळं होऊ. छापलंय तेवढंच वाचलं, त्याच्या मरणाचे शब्द तेवढे गाळून. कथा सुरेख पळाली. वाचून झाल्यावर अण्णांनी पुस्तक उशाशी ठेवलं.

"आज भास्कर आला नाही."

"तो बरा होतोय. झोपलाय."

"हं."

रात्री अर्धीच भाकरी खाल्ली. मीही काही फार खाल्लं नाही. दिवसभर घर कसं रिकामं वाटलं. याला भूत म्हणतात का? भूत नको असताना येतं. आमचं हे आलं नाही की जेवण जात नाही.

२६ जानेवारी, रविवार

जावेद आला, पिंपळगावची द्राक्षं घेऊन. नि.बरोबर कोल्ड स्टोरेजला होता, टेम्पो चालवतो. नि.नेच त्याला या मालिकेचं वेड लावलं. येताना चौथा भाग घेऊन आला, त्याचा वाचून झालाय म्हणून.

मी त्याला सावध करायच्या आत अण्णांनी विचारलं, "जावेद, पुढचं सांगू नकोस, पण भास्कर कसाय रे? पाय बरा झाला का?"

जावेदने माझ्याकडे पाहिलं. मी हात जोडले.

"एकदम फिट, अण्णा. परत पंपावर आलाय. तोंड तर त्याहून फिट."

अण्णा हसले. मग जावेदने त्यांना भास्करचा एक किस्साच सांगितला, पंपात अडकलेल्या मांजराचा. चंद्रावर मांजर कुठून आलं ते अण्णांनीही विचारलं नाही.

खाली टेम्पोपाशी म्हणाला, "ताई, तो तर तिसऱ्यातच गेला ना. मी त्या दिवशी जेवलो नाय. अम्मी विचारती काय झालं, आता तिला काय सांगू, चाँद पे एक आदमी मर गया?"

मी सगळं सांगितलं. तो टेम्पोच्या फाळक्याला टेकून ऐकत राहिला.

"नितीनभाऊला मीच बोलून बसलो होतो, भास्कर जातो म्हणून. लय शिव्या घातल्या त्याने मला. मग म्हणला, आता अण्णांना कसं वाचून दाखवू रे. म्हणून तर पुस्तक उघडत नव्हता तो."

"काय करणार होता?"

"बघू म्हणला. काय ते बोलला नाय."

किस्सा कुठून आणला विचारलं. म्हणाला, मांजर कोल्ड स्टोरेजमधलं, खरं. काढलं नितीनभाऊने.

२ फेब्रुवारी, रविवार

शेवटच्या प्रकरणाआधीचा थांबा. मी माझा खुनी सांगायचा, तर मला सगळं माहीत. उगाच मुकादमाचं नाव घेतलं.

अण्णा म्हणाले, "मी खुनी सांगतो. पण आधी मेला कोण, ते सांगतो."

मी पानात बोट घालून पुस्तक मिटलं.

"भास्कर मेलाय."

मी म्हटलं, असं कसं, दवाखान्यात बोलतोय की तो. अण्णा अगदी शांतपणे बोलत होते, एखादा बिघडलेला भाग हातात फिरवत समजावून सांगावा तसे. "रेवा इतके दिवस ती गाडी उघडून बघतेय. गाडीत बसलेला माणूस दवाखान्यात गप्पा मारतोय, आणि त्याला एकदाही विचारलं नाही तिने, की झडप वाजली कधी. असं कोणी करत नाही, मंजू. माणूस नसला तरच गाडीला विचारतात."

"लेखक थकलाय, तुम्हीच म्हणालात."

"लेखक ठीक आहे. भास्कर बोलतो तेव्हा पान उलटत नाही. आणि एरवी तुझा आवाज खाली पुस्तकात जातो. तो बोलतो तेव्हा माझ्याकडे येतो."

कधी कळलं, विचारलं. वाफ दवडू नका म्हणाला त्या दिवशी, म्हणाले. मग बोलला का नाहीत?

"नियम आहे ना, आधी संशय बोलायचा नाही." मग म्हणाले, "आणि तो परत बंद झाला असता."

मग म्हणाले, आता छापलंय ते वाच. त्याचं. पहिल्यापासून.

वाचलं. हेल्मेटची काच, आत काय होतं ते, अंत्यविधी, सगळं. कुठे थांबले नाही. अण्णांनी खाटेची पट्टी धरून ठेवली होती. संपल्यावर एकच प्रश्न. "त्याला कळलं असेल का?"

"लिहिलेलं नाही."

"बरं."

आम्ही भास्करबद्दल बोलत नव्हतो, हे दोघांनाही ठाऊक होतं. मग नि. गेल्यापासून पहिल्यांदाच त्याच्याबद्दल बोललो. हायवे, दुपार, हेल्मेट. त्यांनी विचारलं तेवढं सगळं सांगितलं. कारण मात्र नव्हतं, ते कुठून देणार. मग अण्णांनी आपला खुनी सांगितला, कारणासकट, आणि शेवटचं प्रकरण संध्याकाळी वाचलं. वॉशर कोणी बदलला, का बदलला, कसं कळलं. सगळं सगळ्याशी जुळतं. इतकं जुळतं की मला त्या रेवाचा हेवा वाटला, आणि थोडा रागही आला.

अण्णांचा खुनी बरोबर निघाला.

५ फेब्रुवारी

डोक्यातला आवाज गेलाय. बसमध्ये कंडक्टर होता नि मी होते. सोमवारपासून वाट बघतेय. खरं वाचलं की मोकळं वाटेल असं वाटलं होतं, वाटलंही एक दिवस. अण्णांसाठी करतेय, अण्णांसाठी करतेय, असं स्वतःला सांगत होते. आता अण्णांना सगळं माहीत आहे, तरी मला तो हवाच आहे. म्हणजे कोणासाठी चाललं होतं हे सगळं?

८ फेब्रुवारी, शनिवार

अण्णांनी चौथा भाग हातात घेऊन चाचपला. जाडी बघितली, वास घेतला, उशाशी ठेवला. उद्या सुरू करू म्हणाले. मी द्राक्षं निवडत होते.

"यात भास्कर आहे का गं?"

"नाही अण्णा. पुस्तकात नाही."

ते खिडकीकडे तोंड करून बसले. बाहेर भाजीवाली हाक मारून गेली. मला वाटलं विषय संपला.

"आणि आपल्याकडे?"

मी द्राक्षं तशीच धरून बसले. हो म्हणायला तोंड उघडलं, नाही म्हणायलाही उघडलं. शेवटी म्हटलं, उद्या बघू.

"बघू," म्हणाले, आणि डोळे मिटून घेतले.

पहिलं प्रकरण मी अजून वाचलेलं नाही. पुस्तक त्यांच्या उशाशी आहे आणि ते झोपलेत. काढता येईल, पण नि.चा नियम आहे, काढत नाही.