काळीचं वय

जव्हार,
रविवार, १४ सप्टेंबर २००३

आदरणीय वामन गुरुजींना,
रजियाचा नमस्कार.

तुमच्या गुडघ्याला मोखाड्याच्या डॉक्टरांचं औषध लागू पडलं का? इकडे पाऊस अजून रोज एकदा हजेरी लावतो आणि मैदान काही सुकू देत नाही. तुमच्यानंतर आलेले मुख्याध्यापकही बदलून गेले, आता तिसरे आलेत. आश्रमशाळेच्या स्वयंपाकघराचं छप्पर मात्र तेच आहे आणि तसंच गळतं. बातम्या एवढ्याच. आता कामाचं लिहिते.

जीपने तासाभरात तुमच्याकडे येता आलं असतं. आले नाही. समोर बसलं की तुम्ही चहा मागवता, एकेका मुलीची चौकशी करता, आणि मुद्दा राहून जातो. या वेळी तो राहायला नको आहे.

आठवीतली काळी तुम्हाला आठवत असेल. दाभोशाच्या रंगूची मुलगी. हडकुळी, उंच, हात गुडघ्यापर्यंत पोचतील असे लांब. दोन वर्षांपूर्वी मी तिला खो-खोच्या संघात घेतलं ते त्या हातांकडे पाहूनच. पळणाऱ्या मुलीला दोन पावलं आधीच गाठतील असे हात. वाटलं, जिल्ह्याला खेळेल अशी मुलगी मिळाली.

गुरुजी, दोन वर्षं मी त्या मुलीवर घाम गाळला. तुम्हाला माझी पद्धत ठाऊक आहे. सकाळी सहाला मैदान, चाळीस वेळा बसून उठणं, मग खांबाभोवती वळणं, मग सामना. सगळ्यांना तेच. जामसरची रंजना एकदा बघते आणि तसंच करून दाखवते. तिला बोलून सांगितलेलं कळत नाही, पण डोळ्यांनी सगळं उचलते. अफिफा उलट. शिंप्यांच्या घरातली, कापड कापायच्या आधी दहादा मोजलेलं बघणारी. तिला आधी 'का' ते सांगावं लागतं. कारण पटलं की पाय आपोआप वळतात. दोघी आपापल्या वाटेने शिकल्या. काळी कुठल्याच वाटेने शिकली नाही. पाठीत खो बसला की ती उठायची, आणि पहिलं पाऊल एकीकडे, खांदा दुसरीकडे. एकदा दिशा घेतली की मागे फिरता येत नाही, हा नियम मी तिच्याकडून तीनशे वेळा म्हणवून घेतला असेल. म्हणताना चुकत नाही. खेळताना हमखास चुकते. गुडघा दुखतो म्हणायची. तेरा वर्षांच्या मुलीचा कसला गुडघा दुखतो! मला ते निमित्त वाटलं.

तालुक्याच्या सामन्यात तिने एकाच डावात तीन वेळा दिशा चुकवली. तिसऱ्या वेळी मी तिला बाहेर बोलावून दोन शब्द बोलले. सामना आम्ही जिंकलो. पुढे जिल्ह्याच्या मैदानावर वयाची तपासणी होती. तिथले डॉक्टर एकेकीचं तोंड उघडून दात बघत होते. काळीपाशी आले आणि थांबले. बॅटरी मारून पुन्हा पाहिलं, मनगट दाबून पाहिलं, कागद पाहिला. मग मला म्हणाले, "बाई, मोठ्या मुली लहान म्हणून घुसवणारे मी रोज बघतो. लहान मुलीला मोठी करून आणणाऱ्या तुम्ही पहिल्याच. हिच्या दुधाच्या दाढा अजून हलतायत. अकराच्या वर एक दिवस नसेल ही."

शेजारच्या संघाच्या बाई खो खो हसल्या. मला हसू आलं नाही.

आपल्या रजिस्टरमध्ये तिची जन्मतारीख १ जून १९९० आहे. निम्म्या शाळेची जन्मतारीख एक जूनच आहे, ते सोडून द्या. पण इथे वर्षच दोनने चुकलंय. या कागदाप्रमाणे पुढच्या वर्षी ती चौदाखालच्या गटातून बाहेर जाईल आणि बारा वर्षांची असताना सोळा-सतराच्या मुलींपुढे उभी राहील. तिथे तिचा खेळ संपेल. खेळ कसला, शाळाच संपेल, कारण जिल्ह्याहून परतल्यावर ती जी घरी गेली ती आलेलीच नाही.

प्रवेशाची ती नोंद तुमच्या अक्षरात आहे. तेव्हा मुख्याध्यापक तुम्ही होता. वय अंदाजाने लिहिलं होतं, एवढं तुम्ही लेखी दिलंत तर मी तारीख दुरुस्तीचा अर्ज करू शकते. एवढी घाई कशाची झाली होती गुरुजी? एक मूल नीट बघून वय लिहायला किती वेळ लागतो?

उत्तर लवकर द्यावं.

रजिया


जव्हार,
गुरुवार, ९ ऑक्टोबर २००३

गुरुजी,

तुमचा कागद मिळाला. वाचला आणि तुमचा राग आला.

"सदर विद्यार्थिनीचे वय मी एकट्याने, कोणतीही खातरजमा न करता नोंदवले. या चुकीशी अन्य कोणाही शिक्षकाचा संबंध नाही." हे तुम्ही कोणासाठी लिहिलंत? मी विचारलं होतं त्यापेक्षा एक वाक्य जास्त आहे त्यात. ते वाक्य वाचल्यापासून मला जेवण गोड लागलेलं नाही. तुम्ही भांडला असतात, माझ्या मागच्या पत्राला चार खरमरीत ओळी लिहिल्या असत्यात, तर बरं झालं असतं. तुम्ही मुकाट्याने सही केलीत.

तर आता मला लिहावंच लागेल.

शहाण्णवचा जून. तुम्ही टेबलापाशी लिहायला बसला होता आणि मुलं बघायचं काम माझ्याकडे होतं. डोक्यावरून हात नेऊन पलीकडचा कान धरता आला की सहा पूर्ण, असं आपण सरसकट लिहीत होतो. रंगू या मुलीला कडेवर घेऊन आली होती. कडेवर, गुरुजी. सहा वर्षांचं मूल कोणी कडेवर आणत नाही. तुम्ही चष्म्यावरून बघून म्हणालात, "बाई, ही दोन वर्षं तरी नाही घ्यायची." तेव्हा रंगू म्हणाली, "गुरुजी, इथं दोन वखत खाईल ती. घरी काय हाय?" वावरची मुलं भुकेने जाऊन चारच वर्षं झाली होती. त्या मुलीचं पोट पुढे आलेलं, केस तांबूस. मी तिला खाली उभी केली, तिचा हात डोक्यावरून ओढला. बोटं कानाच्या वरच राहिली. मग मी तिची मान हाताने कलती केली. कान बोटांना लागला. मी म्हणाले, "लिहा, सहा." तुम्ही माझ्याकडे एकदा पाहिलंत आणि लिहिलंत.

मागच्या पत्रात मी घाई कशाची झाली होती म्हणून तुम्हाला विचारलं. पत्र पेटीत टाकतानाही मला हे सगळं आठवत होतं. विसरले होते असं म्हणायची सोय नाही.

त्या दिवशी जे केलं त्याची मला लाज वाटत नाही. पुन्हा तशी मुलगी समोर आली तर पुन्हा तिची मान कलती करीन. लाज नंतरची आहे. मी स्वतः खोटं लिहवून घेतलेलं वय सात वर्षांनी मीच खरं धरलं. ती दमली की मी रजिस्टरकडे बोट दाखवायचे. "तेरा वर्षांची घोडी झालीस, एवढं जमत नाही?" वाढत्या वयात दोन वर्षांनी मुलाच्या हाडांत, तोलात, समजेत किती फरक पडतो, हे मी कॉलेजात शिकले आहे. परीक्षेत त्यावर पंधरा गुणांचा प्रश्न होता, त्यात मला बारा मिळाले होते. पाठीत खो बसल्यावर अर्ध्या क्षणात दिशा ठरवायची, हे अकराव्या वर्षी सगळ्यांना साधत नाही. तेराव्या वर्षी तिला साधलं असतं. गुडघ्याला आराम दिला असता तर तोही सुधारला असता. मी वाटही पाहिली नाही, आरामही दिला नाही.

आणि तालुक्याच्या सामन्यात मी तिला दोन शब्द बोलले असं लिहिलं होतं. ते दोन नव्हते. सगळ्या संघासमोर, समोरच्या शाळेसमोर मी तिला मठ्ठ म्हणाले. म्हणाले, "तुला शिकवण्यापेक्षा खांबाला शिकवलं असतं तर तो एव्हाना वळला असता." मुली हसल्या. हसायला मीच लावलं. परतताना जीपमध्ये ती मागच्या दाराशी, सामानाच्या पोत्यावर बसून आली. कोणी तिला पुढे बोलावलं नाही, मीही नाही.

काल मी दाभोशाला गेले होते. हळव्या भाताची कापणी चालू आहे. रंगू शेतातूनच आली, विळा हातात. मी वयाचं विचारलं तर लगेच म्हणाली, "वावरला पोरां मेली ना, त्याच पावसात ही झाली. लावणी चालू होती." इतकं सरळ होतं, गुरुजी. सात वर्षांत कोणी तिला विचारलंच नव्हतं.

मी म्हटलं, "काळीला पाठव."

"ती नाय यायची बाई. ती बोलते, माना काय येतच नाय. आता दिवाळीनंतर भट्टीवर चलते आमच्यासंगं. विटा तरी उचलील."

"अकरा वर्षांची मुलगी विटा उचलणार?"

"तुमच्या कागदात तेराची हाय ना?" रंगू म्हणाली. टोमणा नव्हता तो. तिला खरंच तसं वाटत होतं. मला मात्र तिथे उभं राहवेना.

काळी घराच्या मागे पेंढ्या रचत होती. मला पाहून उठली नाही. मी तिच्याशी बसून बोलायला गेले आणि सवयीने उभीच राहिले. तिला सांगितलं, तुझं वय शाळेत चुकून जास्त लिहिलंय, ते मी दुरुस्त करणार आहे. तू मोठ्या मुलींच्यात होतीस, तुझ्या वयाच्या मुली अजून पाचवी-सहावीत आहेत. ती ऐकत होती. मग तिने विचारलं, "म्हणजे मी बारकी हाय?"

"हो."

"मग मोठ्यांच्यात नाय बसायची. पाचवीच्या पोरींत बसीन."

मी कबूल केलं. आठवीचे तास वर्गात, मैदानावर पाचवीच्या मुलींत. बसून उठणं दहा वेळा, गुडघा दुखला की शून्य. रंजनाला आणि अफिफालाही मी आता एका रांगेत उभं करणार नाही, पण ते तुम्हाला पुन्हा कधी लिहीन.

तुमचा कागद या पत्राबरोबर परत पाठवते आहे, फाडून टाका. अर्ज मी माझ्या नावाने केला आहे. मान कलती केली इथपर्यंत सगळं लिहिलं आहे. उद्या शिक्षण कार्यालयात देते. चौकशी होईल. नव्या मुख्याध्यापकांनी आजच सांगितलं, "मॅडम, जुनी मढी कशाला उकरता? संघ तुमच्या हातून जाईल." जाऊ दे. तुम्हाला विचारायला कोणी आलंच, तर तुम्ही नको म्हणाला होतात हे सांगा. ते खरं आहे.

एका गोष्टीत मात्र मला तुमची मदत हवी आहे. निघताना काळी बांधापर्यंत माझ्याबरोबर आली. जीप लागली होती. मी चढणार तोच म्हणाली, "बाई, मग मी मठ्ठ नाय?"

मी म्हणाले, "नाही."

"मग बोललात कशाला?"

ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता, मी चढून बसले. पंचवीस वर्षं मुलींना शिकवते आहे, मला एवढं साधं विचारायची कोणाची छाती झाली नव्हती. मुलांशी अशा वेळी काय बोलायचं ते तुम्हाला यायचं, मला कधी आलं नाही. मोखाड्याहून पत्र दोन दिवसांत येतं. काळी सोमवारी येणार आहे.

तुमची,
रजिया