मास्तरची अर्धी गोळी

४ नोव्हेंबर २००३, मंगळवार

आणला एकदाचा मास्तर घरी! मुरबाडपासून शेणव्यापर्यंत जीपमध्ये, माझ्या मांडीवर. मागचा उजवा पाय मांडीपासून नाही. रानडुकरासाठी कुणीतरी लावलेल्या तारेच्या फासात दोन दिवस अडकून होता बिचारा. तार हाडापर्यंत गेलेली. "पाय ठेवला तर कुत्रा जाईल," गुरांचे डॉक्टर म्हणाले. मी म्हटलं, पाय काढा. आणि सही करून टाकली.

दुखणं थांबायच्या गोळ्या दिल्यात. सकाळ-संध्याकाळ अर्धी, पोटात काही गेल्यावरच, दहा दिवस. माणसांची गोळी चुकूनही द्यायची नाही. आणि हीसुद्धा जास्त नाही, नाहीतर पोटात रक्त होतं. आणखी एक सांगितलं ते लिहूनच ठेवते— दुखलं म्हणून कुत्रं ओरडेलच असं नाही. आडवं व्हायला जातं, परत उठतं. सारखी ओठांवरून जीभ फिरवतं. दुखऱ्या बाजूवर टेकत नाही. गप्प आहे म्हणजे बरं आहे, असं समजू नका.

सासूबाई ओटीवरूनच— "माणसांना नाय गोली मिलत, न् कुत्र्याला दोन टायमाला!"

५ नोव्हेंबर

पेज प्यायला. गुळात गोळी लपवली तर गूळ खाल्ला आणि गोळी थुंकली! माझ्या अंगणवाडीतली पोरं हे याच्याकडूनच शिकली असणार. रोज तिथे दारात बसतो म्हणून तर मास्तर नाव पडलं. शेवटी सुका बोंबील चुरून भातात कालवला. गेली एकदाची.

६ नोव्हेंबर

उजवा कान खाजत होता. नसलेला पाय उचलायला गेला. उरलेला खुंट नुसता हवेत हलत राहिला आणि हा मागे वळून बघतोय— पाय गेला कुठे? मला रडूच आलं. कान मीच खाजवला.

सासूबाई बघत होत्या.

"ती गोली लागू पडते गो?"

"पडते की. तासाभरात झोपतो."

"कसलंबी दुखणं थांबतं?"

हसले मी. कुत्र्याचं औषध आहे हो, म्हटलं.

८ नोव्हेंबर, शनिवार

फळीवरच्या डब्यात सहा गोळ्या हव्यात. चारच आहेत!

शेखर म्हणतो, "धांदलीत तूच दोन-दोनदा दिल्या असशील." (नवऱ्याचं नाव इथे लिहायला कोण अडवतंय!) उलटून बोलले त्याला, पण मग वाटलं, खरंच दिल्या असतील तर? सकाळी अंगणवाडीची घाई, भातकापणीची घाई, माझं डोकं कुठे ठिकाणावर असतं! किन्हवलीला जाऊन डॉक्टरांना फोन केला. उद्याचा दिवस बंद ठेवा म्हणाले. लगेच, आज संध्याकाळपासूनच बंद केली.

९ नोव्हेंबर

फार वाईट दिवस. आडवा होतो, उठतो. आडवा होतो, उठतो. जीभ थांबत नाही. एकदाही ओरडला नाही. ओरडला असता तर मला बरं वाटलं असतं. माझ्या विसरभोळेपणाची शिक्षा याला! शेतावर गेलेच नाही, त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसून राहिले.

सासूबाई कापणीला गेल्या होत्या, त्याही दुपारीच परतल्या. ऊन लागलं म्हणे. नोव्हेंबरात!

१० नोव्हेंबर, सोमवार

सकाळी चार होत्या. अर्धी दिली. संध्याकाळी डबा उघडला तर साडेतीन नाहीत— अडीच! म्हणजे मी विसरभोळी नाही. शेखर दिवसभर भातसानगरला, धरणावर ड्युटीला. घरात उरलं कोण?

"आई, तुमी गोल्या फेकता ना?"

सासूबाईंनी नुसता पदर ओठांवरून फिरवला. मग तर मी सुटलेच. "मुक्या जिवाच्या तोंडचं काढता, लाज नाय वाटत?" असं बोलले. सासूला! शेखर मान खाली घालून जेवत राहिला.

मला पश्चात्ताप वगैरे काही नाही. काल मास्तरचे हाल मी बघितलेत, त्यांनी नाही.

११ नोव्हेंबर

अबोला. डबा आता माझ्या पेटीत, कुलपात.

मास्तर चुलीपासून ओटीपर्यंत तीन पायांवर गेला! कुणी धरलं नाही, आपला आपण. सांगू कुणाला? आणि गेला तोही सासूबाईंच्याच शेजारी जाऊन बसला, लबाड. त्या त्याचा उजवा कान खाजवत होत्या. न सांगता, बरोबर उजवाच.

१२ नोव्हेंबर

दुपारी घरी आले. ओटीवर मास्तर गाढ झोपलेला. त्याच्या बाजूला चटईवर सासूबाई आडव्या होत होत्या. झाल्या, उठल्या. परत टेकल्या, परत उठल्या. डाव्या कुशीवर नाहीच. जीभ ओठांवरून. तोंडातून आवाज नाही.

मी दारातच उभी राहिले. हे सगळं मी याच वहीत लिहून ठेवलंय, पहिल्याच दिवशी. एवढे दिवस समोर दोघं होती आणि मला एकटा मास्तर दिसला. कसली मी बाई!

जेवायला हाक मारायचंही तोंड राहिलं नाही मला.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

सकाळी चुलीपाशी विचारलं. त्यांनी पदर बाजूला केला. डाव्या छातीत गाठ, लिंबाएवढी. भातलावणीपासून आहे.

"वरडायचं तरी, आई!"

"तुमी सगली कामात."

पहिल्या एस.टी.ने त्यांना घेऊन शहापूरला दवाखान्यात चाललेय. निघताना त्यांनी कमरेची पिशवी उघडली. अर्धी गोळी काढून माझ्या हातावर ठेवली.

"ही मास्तरची हाय, त्याला दे. मी वरडीन आता."