दुसरा आवाज

१९ जानेवारी १९७४, शनिवार

"चोरलेलं पुस्तक कोणाच्या तरी घरी असते वं. चुकीच्या फळीवर ठेवलेलं कुठंच नसते!"

तेवीस वर्षं झाली या वाक्याला. मी एम.ए.च्या पहिल्या वर्षाला होते. विद्यापीठाच्या ग्रंथालयात वाचून झालेली तीन पुस्तकं मी स्वतःच नेऊन फळीवर लावली — बाईंचं काम हलकं व्हावं म्हणून. ग्रंथपाल सिंधूताई पाटोळे टेबलामागून उठून आल्या. मला वाटलं, आता शाबासकी! तर हे वाक्य. मग तासभर माझ्याबरोबर त्यांनी रांगा धुंडाळल्या. दोन सापडली. तिसरं थेट पुढच्या उन्हाळ्यातल्या मोजणीत.

"मदत करायची असन तं टेबलावर ठेव, आन् हात मागं घे."

काल त्यांना माती दिली. मी मूठभर टाकली, आणि कितीतरी वेळ हात पुसत उभी राहिले.

२० जानेवारी, रविवार

यमुताई आल्या. चर्चच्या क्वायरमध्ये तीस वर्षं सिंधूताईंच्या शेजारी उभ्या राहणाऱ्या. तीन तारखेला, रविवारी, सिंधूताईंच्या आठवणीची उपासना आहे. "तुम्ही दोन पानं लिहा न, गोपिकाबाई. तुम्ही तं लेखिका. आमाले काय, गाता येते फक्त."

हो म्हटलं. नाही कसं म्हणणार!

२१ जानेवारी

काय लिहू?

खेड्यावरून आलेल्या मुलीला त्या आधी मुलींची खोली आणि पिण्याचं पाणी दाखवायच्या, मग कॅटलॉग. कोणत्या मुलीनं मागच्या वर्षी कोणतं पुस्तक नेलं ते कार्ड न बघता सांगायच्या. बुधवारी पाचला कुलूप म्हणजे कुलूप — क्वायरची तालीम! कुलगुरूंचा शिपाई चिठ्ठी घेऊन आला तरी, "उद्या ये गा. आज देवाचा नंबर हाय."

आणि ते गुणगुणणं. फळ्यांच्या रांगांमधून कार्डं लावता लावता. मी हसायचे. "ताई, याला काही चाल आहे की नाही?"

"अर्धीच हाय वं. मी दुसऱ्या आवाजात गाते न. बाकी अर्धी यमूजवळ."

दोन पानं होतील यातून. पण हे काहीच नाही. खरं ते लिहायचं टाळते आहे.

२३ जानेवारी, बुधवार

कन्हानहून दादाजी आले होते. सिंधूताईंचे थोरले भाऊ. लग्न न केलेल्या या बहिणीशिवाय त्यांना कुणी नव्हतं. खुर्चीच्या कडेवर बसले, चहा निवू दिला. निघताना दोन्ही हात जोडले.

"तुमच्यामुळं तिले तरास नाही झाला, बाई. शांत गेली. मी तेवढंच धरून बसलो आहो."

कबरीचा दगड घडवायला टाकलाय. नाव, दोन तारखा, आणि खाली — 'शांतपणे प्रभूकडे गेली'. कागदावर लिहून आणलं होतं. 'शांतपणे' बरोबर लिहिलंय का, ते मला बघायला सांगितलं.

बघितलं. बरोबर होतं.

२४ जानेवारी

दवाखान्याचं लिहून ठेवते. इथं तरी.

सात तारखेला झटका आला. उजवं अंग गेलं, वाचा गेली. धंतोलीतल्या दवाखान्यात हलवलं. रोज दुपारी मी आणि दादाजी. भेटायला येणाऱ्यांची रीघ — मीच दारात उभी राहून सगळ्यांना परत पाठवलं. यमुताईंनासुद्धा. "आराम हवाय हो त्यांना." पायरीवरून गेल्या बिचाऱ्या.

चौथ्या दिवशी दुपारी तो आवाज सुरू झाला. तोंड एका बाजूला ओढलेलं, त्यातून एक लांब सूर. तसाच पुन्हा. मग किंचित खाली. मग थांबणं — आणि माझ्याकडे बघणं. मग परत पहिल्यापासून. डावा हात चादरीवर आपटत होता. दादाजींना ऐकवेना, ते व्हरांड्यात गेले. मी तो हात दोन्ही हातांत घट्ट धरून ठेवला, आणि सिस्टरला हाक मारली.

"फार कण्हताहेत हो!"

डॉक्टरांनी झोपेचं इंजेक्शन लिहून दिलं. आवाज सुरू झाला की मला हाक मारा, म्हणाले. मी मारली. रोज. संक्रांतीलाही — दादाजींच्या हातावर तीळगूळ ठेवला आणि मारली. सिस्टर म्हणाली, तुम्ही आहात म्हणून पेशंटचं कळतं.

गुरुवारी झोपेतच गेल्या.

२६ जानेवारी

बाहेर झेंडावंदन, लाउडस्पीकर. एक ओळ नाही.

२७ जानेवारी

नाही.

३० जानेवारी, बुधवार

अर्धं पान कसंबसं झालं. यमुताईंना दाखवावं म्हणून पाच वाजता चर्चमध्ये गेले. तालीम चालू. मागच्या बाकावर बसले. सिंधूताईंच्या जागी जया नावाची पोरगी, अजून वेणीला रिबन बांधणारी. चंपतराव मास्तर पेटीवर होते.

"यमुताई, तुम्ही जरा चूप राहा. दुसरा आवाज एकटा ऐकू द्या मले. रोजचंच गीत, जया, घाबरू नको. सिंधूताई झोपेत म्हणत होत्या हे."

जया उभी राहिली. डाव्या हातानं मांडीवर ताल धरला.

एक लांब सूर. तसाच पुन्हा. मग किंचित खाली. मग थांबली — आणि यमुताईंकडे बघू लागली.

माझ्या हातातला कागद खाली पडला. कुठून आवाज निघाला कोण जाणे — "थांबलीस का गं?"

जया हसली. "इथं पहिला आवाज येते न, बाई! तो आल्याशिवाय मी पुढं कशी जाऊ? सुरुवातीपासून पुन्हा म्हनायचं, अन् वाट पाहायची."

कशी बाहेर आले ते आठवत नाही. चप्पल आणि तो कागद यमुताईंनी घरी पाठवला.

३१ जानेवारी

कण्हत नव्हत्या.

तेवीस वर्षं ऐकलं होतं मी ते. फळ्यांच्या मागून. मलाच ठाऊक असायला हवं होतं, दुसऱ्या कुणाला नाही. त्या सुरुवात करत होत्या, ताल देत होत्या, थांबून वाट बघत होत्या. यमुताईंना मी पायरीवरून परत पाठवलं. हात मी धरून ठेवला. आणि उरलेलं सुईनं.

टेबलावर ठेव आन् हात मागं घे! एवढंच तर सांगितलं होतं.

कुणाला सांगू? यमुताईंना सांगितलं तर त्या आयुष्यभर तो पहिला आवाज कसा गातील? दादाजींना सांगितलं तर त्यांच्याजवळ काय उरेल? न सांगितलं तर रविवारी माझी दोन पानं, आणि सगळे म्हणणार, किती केलं हो तुम्ही!

काही करता येत नाही. काही म्हणजे काहीच नाही.

१ फेब्रुवारी, शुक्रवार

रविवारसाठी लिहिलेलं ते अर्धं पान फाडलं. कन्हानला पत्र टाकलं, उद्या पोचेल. ते नाहीच म्हणतील, म्हणावंच त्यांनी. तरी लिहिलं:

"दादाजी, दगडावरचं 'शांतपणे' काढा. त्या गात होत्या. मी थांबवलं. तिथं 'गाता गाता' कोरा."