पानाची मागची बाजू

अंकुशनगर,
रविवार, दि. १३ जुलै २०२५

चि. प्रियदर्शनीस,
आबाचे भरभरून आशीर्वाद.

इकडं आम्ही दोघं ठीक. आजीचे गुडघे कुरकुर करून राह्यलेत, पण तोंड बराबर चालू आहे. तुझी सहावीची पुस्तकं मिळाली का? फोन केला की तुझा बाप भागवत म्हणतो, "आबा, ती अभ्यास करून राह्यली." माझा फोन आला की नेमका अभ्यास! मलाही कळतं माय. म्हणून कागद घेऊन बसलो.

आजीच्या जास्वंदाची खबर सांगतो. तू मे महिन्यात आल्तीस तेव्हा हॉलच्या खिडकीतल्या त्या कुंडीची पानं चिकट झाल्ती, खाली फरशीला पाय चिकटायचे, मुंग्यांची रांग लागल्ती. तू गेल्यावर मी ओल्या फडक्यानं पानं पुसली. दोन दिवसांत पुन्हा चिकट. पुन्हा पुसली, पुन्हा तेच. मंग पानांवर काळं धरलं. मी म्हणलं, कारखान्याची काजळी असंल. आजी म्हणली, "अहो, धुराडं मार्चपासून थंड आहे. आता त्याच्यावर तरी ढकलू नका."

'त्याच्यावर तरी' म्हणली.

मंग कपाटातलं भिंग काढलं. कारखान्याच्या शेतकी खात्यात एकतीस वर्षं हेच खिशात घालून उसाच्या फडांतून हिंडलो. लोकरी मावा आल्ता त्या साली शेतकरी बांधावरूनच ओरडायचे, "साहेब, काय झालं हो उसाला?" मी म्हणायचो, "आधी पान उलटून पाहा, मंग बोला."

खिडकीतलं पान उलटलं. शिरेला धरून कापसाचे बारीक बोळे लावावेत तसे पिठ्या ढेकूण बसलेले. तेच झाडाचा रस पितात, तेच गोड चिकटा टाकतात. मुंग्या त्यासाठीच येतात आणि काळी बुरशीही त्याच्यावरच चढते. उसावर, कापसावर हजारदा पाह्यलेली गोष्ट! घरातल्या कुंडीत मात्र मला कीड दिसली न्हाई. मला तुझा दुधाचा ग्लास दिसला.

आता लिहितोच. त्या संध्याकाळी शेजारचे सोमेश्वरकाका बसले होते. त्यांच्यादेखत मी म्हणलो, ही पोरगी रोज साखरेचं दूध कुंडीत ओतती आणि वर खोटं बोलती. तू म्हणलीस, "आबा, मी दूध पिलं. पानं मागून बघा ना, तिथं पांढरं काहीतरी आहे." मी जागचा उठलो न्हाई. म्हणलो, चुकलं म्हण, सोडून देतो. तू म्हणलीस, "केलंच न्हाई तर चुकलं कसं म्हणू?" डोळे भरलेले, पण नजर खाली गेली न्हाई. आणि मी तुझ्या गालात मारली.

हे तू भागवतला अजून सांगितलं न्हाईस. त्याच्या बोलण्यावरून कळतं मला.

अकरा वर्षांची पोरगी! अगं, मी नोकरीभर न केलेल्या चुकाही कबूल करत आलो. हो साहेब, चुकलं साहेब. तुझ्यासारखं ताठ उभं राहणं मला एकदाही जमलं न्हाई. शाब्बास माय. निदानही तुझंच बराबर होतं, मी महिन्याभरानं नुसता शिक्का मारला.

कीड पसरू नये म्हणून कुंडी शेजारच्या तुळशीपासून लांब नेली. फार भरलेल्या दोन फांद्या छाटल्या. कान कोरायच्या कापसाच्या काडीला स्पिरिट लावून एकेक ढेकूण टिपला. आजी पोट धरून हसली, "हजार एकराचे साहेब, झाडाचे कान कोरून राह्यलेत!" साबणाच्या पातळ पाण्यानं पानं दोन्हीकडून धुतली, मंग निंबोळी तेल फवारलं. दर आठ दिवसाला, असं तीनदा. पाण्याच्या परातीत वीट ठेवून वर कुंडी ठेवली, तशा मुंग्या बंद झाल्या. आता पानं कोरडी आहेत. काल एक कळी दिसली.

कालच सोमेश्वरला चहाला बोलावलं. त्याच खुर्चीत बसवून सांगितलं, "माझी नात खरं बोलत होती. खोटा मी होतो." तो म्हणला, "जाऊ द्या हो तातेराव, लेकरू आहे, विसरलं असंल." मी म्हणलो, "विसरली असती तर फोनवर आली असती."

बाळ, माझं चुकलं. मी केलंय, म्हणून म्हणतो.

सोबत भिंग पाठवतोय. जिनं आधी पानामागं पाह्यलं, तिच्याकडंच ते असावं. दिवाळीला येशील का, असं विचारायचं तोंड मला न्हाई. वाटलं तर ये. दूध प्यालीस की न्हाई, मी ग्लास पाहणार न्हाई.

हे पत्र भागवतला दाखवायचं का न्हाई, ते तू ठरव. दाखवलंस तरी मी तुझ्यावर रागावणार न्हाई.

तुझा चुकलेला,
आबा